मरिसा टिझर्डसाठी टाळ्या थांबवण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख संशोधक,
किशोर व प्रौढ लठ्ठपणा अभ्यास,
किनारपट्टी आरोग्य संशोधन केंद्र,
सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड.

विषय : माझी मुलगी मरिसा, वय सोळा, हिचे नाव 'यशस्वी' यादीतून कमी करून तिची तातडीने डॉक्टरी तपासणी होणेबाबत.

संदर्भ : आपली 'वजनात लबाडी' या विषयाची दि. ३ मार्चची नोटीस.

महोदया,

मी, खाली सही करणार ग्लेनिस टिझर्ड, राहणार गल टिकल, आपल्या अभ्यासाच्या प्रौढ गटात आहे आणि मरिसा किशोर गटात. नोटिशीतला आरोप खरा आहे. तिच्या स्वेटरच्या काठात नवऱ्याच्या मासेमारीच्या जाळ्याचे शिशाचे मणी मीच शिवले. बाकीचे लोक काट्यावर चढण्यापूर्वी कानातलेसुद्धा काढून ठेवतात आणि आम्ही शिसे घालून आलो, तेव्हा आपल्या माणसांना हसावे की रागवावे ते कळेना. त्यामागचे कारण ऐकून घ्यावे ही विनंती.

१. मरिसाचे वजन या हिवाळ्यात अठरा किलोंनी उतरले. आम्ही दोघी एकाच पातेल्यातले जेवतो. रविवारी खारवलेले मांस, कोबी आणि उकडलेले वाटाणे, सकाळी टाउटन, म्हणजे पावाच्या कणकेच्या तळलेल्या चकत्या, वर काकवी ओतून. यात काहीही बदललेले नाही. माझा काटा जागचा हललेला नाही.

२. दर गुरुवारी चर्चच्या सभागृहात वजने होतात आणि ज्याचे उतरले त्याच्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात. सर्वांत जास्त टाळ्या मरिसाला मिळतात. तिला आता चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, झोपेत चादर पिळावी इतका घाम येतो, आणि मानेच्या डाव्या बाजूला गाठ आली आहे. ती मी आपल्या परिचारिका सेलिना हाइन्स यांना दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं ग्लेनिस, गाठ आधीपासूनच असणार. चरबीखाली दडली होती, आता दिसायला लागली. खूश हो की! लोक यासाठी जीव टाकतात." असे म्हणून त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

३. गावातले डॉक्टर निघून गेले, त्यांच्या जागी कोणी आले नाही. खाडीपलीकडच्या इस्पितळात गेलो तर तिथे म्हणाले, "ती अभ्यासात आहे ना? मग तज्ज्ञच बघतायत तिच्याकडे. आम्ही कशाला मध्ये पडू?" आणि आपले तज्ज्ञ नियमाप्रमाणे फक्त वजन वाढलेल्यांनाच तपासायला बोलावतात. म्हणून मी शिसे शिवले. दुसरा दरवाजा मला सापडला नाही.

माझ्यामुळे आपले मोजमाप बिघडले असेल तर माझे नाव अभ्यासातून खुशाल काढावे. मरिसाला मात्र तपासणी होईपर्यंत काढू नये. तिला वजन वाढलेली समजावे, आळशी समजावे, चोरून खाणारी समजावे. मला जन्मभर हेच समजले गेले, तेव्हा कोणी पुरावा मागितला नव्हता.

महोदया, मला भीती वाटते. अर्जात असे लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण माझ्या बाजूने बोलेल असे एकही माणूस घरात उरलेले नाही. नवरा म्हणतो, "पोरगी कधी नव्हे ती हसतेय, तुला बघवत नाही का?" शाळेत जी मुले तिला देवमासा म्हणून हाका मारत, तीच आता तिला नाचायला बोलावतात. तिने आयुष्यात पहिल्यांदा लाल झगा घेतला आहे.

परवा मी तिच्या गाठीला हात लावला, तर तिने माझा हात धरून ठेवला. म्हणाली, "आई, कुणाला सांगू नकोस गं. त्यांनी मला बरं केलं तर मी परत जाड होईन."

तिचे न ऐकता मी हा अर्ज लिहिते आहे. येत्या गुरुवारी तिला काट्यावर न चढवता डॉक्टरांपुढे बसवावे, एवढेच मागणे आहे.

आपली नम्र आणि घाबरलेली,
ग्लेनिस टिझर्ड
गल टिकल, दि. ९ मार्च

सोबत : मुलीचा लाल झग्यातला फोटो. कृपया हसण्याकडे न पाहता मानेकडे पाहावे.