मयुरीची स्कॉलरशिप, जबाबदारी माझी

४ जून १९९७, बुधवार
मयुरीचा बारावी सायन्सचा रिझल्ट लागला. ८९ टक्के. शाळेत पहिली. इंजिनिअरिंगला जाणार म्हणते. शेजारचा सुकदेव पेढा खाऊन म्हणाला, पोरगी आईवर गेली. पेढा दिल्याचा पश्चात्ताप झाला.
माझ्या पगारात कॉलेज बसत नाही, असे वत्सला म्हणाली. मी म्हणालो, बसवायचे कशाला? एवढे मार्क असले की स्कॉलरशिपा आपोआप मागे लागतात. त्यांना घरापर्यंत आणणारा अनुभवी माणूस फक्त पाहिजे. इथे सुरतेत मिलच्या फोल्डिंग खात्यात वीस वर्षे झाली. कापडाच्या ताक्यातला तुटका धागा मला चार हातांवरून दिसतो. स्कॉलरशिप धाग्यापेक्षा नक्कीच मोठी असणार.
संपूर्ण जबाबदारी मी घेतली. वत्सला उठून पापड लाटायला गेली. विश्वास बसला असावा.

५ जून
फाइल आणली. निळी, दोरीवाली. वर 'स्कॉलरशिपा' असे लिहिले. अनेकवचन मुद्दाम.

८ जून, रविवार
आज सुरुवात करणार होतो. वीज नव्हती. फाइल उकाड्यात हाताळू नये, पुठ्ठा वाकतो.

१० जून
मयुरी म्हणाली, शाळेतल्या उषाबाईंना शहरातला एक ट्रस्ट माहीत आहे, त्या फॉर्म आणून देतील. मी समजावले. उषाबाई फिजिक्स शिकवतात. स्कॉलरशिप फिजिक्समध्ये येत नाही. शिवाय असली कामे चार माणसांत फिरलेल्यांनी करायची असतात. मयुरीने मान हलवली. मुलगी आज्ञाधारक आहे.

१३ जून
रजा टाकून सरकारी कचेरीत गेलो. क्लार्कने मार्कशीट पाहिली, मग रेशनकार्ड पाहिले. रेशनकार्ड अजून अमळनेरचे आहे, ते बदलायचे गेली अठरा वर्षे माझ्या यादीत आहे. तो म्हणाला, तुम्ही महाराष्ट्राचे, तिकडे मागा.
उत्तम. दिशा मिळाली.

१६ जून
जळगावला जाऊन आलो. तिथला क्लार्क म्हणाला, मुलगी गुजरात बोर्डाची, तिकडे मागा.
म्हणजे दोन राज्ये मयुरीसाठी एकमेकांना आग्रह करताहेत. एवढी डिमांड असेल असे मलाही वाटले नव्हते. वत्सलाला सांगितले. तिने विचारले, मग हातात काय आले? मी म्हणालो, वातावरण तयार झाले.

२० जून, शुक्रवार. दुपार
आजचा दिवस महत्त्वाचा. मिलमधल्या डाइंग मास्तरने सांगितले की शहरात झवेरबेन विद्यासहाय नावाचा ट्रस्ट हुशार मुलींना मदत करतो. लगेच गेलो. (हा ट्रस्ट कोणालाच माहीत नसतो. मास्तरशी ओळख असावी लागते.)
खिडकीवरच्या गृहस्थाने विचारले, मुलीची आई नाही आली? मी म्हणालो, तिच्यावर फार भार आहे हो सध्या. (पापडाची ऑर्डर आहे.) त्याने विचारले, तुम्ही कोण? म्हणालो, आता सगळे मीच पाहतो. त्याला गहिवरून आले. पांढऱ्या फॉर्मची रांग सोडून त्याने मला आत बोलावले, खुर्ची दिली, पाणी दिले आणि गुलाबी फॉर्म हातात ठेवला. बाकी सगळ्यांना पांढरा. मला गुलाबी.
व्यक्तिमत्त्वाचा परिणाम.

२१ जून
फॉर्म गुजरातीत आहे. मयुरी गुजरातीतून शिकली, तिला दाखवा, असे वत्सलाचे म्हणणे. वीस वर्षे सुरतेत काढली ती काय मुक्याने? मथळ्यावर वेळ घालवला नाही. मथळे सगळे सारखेच असतात. सरळ मजकुराला हात घातला.
'गुजरनार पितानुं नाम.' गुजराण करणारा पिता. म्हणजे मी. नाव ठळक अक्षरात लिहिले : भिकन दगडू सोनवणे.
'गुजर्या तारीख.' सुरतेत गुजराण सुरू केली ती तारीख. ७ मार्च १९७७. उधना स्टेशनवर उतरलो तो दिवस. अशी तारीख कोणाच्या लक्षात राहते?
'गुजरवानुं कारण.' गाव का सोडले, असे विचारताहेत. खरे ते लिहिले : मोठ्या भावाशी पटत नव्हते.
शेवटी 'वालीनी सही'. वाली म्हणजे घरवाली. वत्सलाची सही घेतली. हात पिठाचे होते, त्यामुळे सही थोडी थरथरली आहे.
फोटोही मागितला आहे. पंधरा वर्षे सर्व्हिस झाली तेव्हा शेठने हार घातला होता तो दिला. त्याचीच मोठी प्रत फ्रेम करून भिंतीवर लावली. चौकशीला माणसे घरी येतात म्हणे. आपण कोणाकडे आलो ते त्यांना दारातच कळावे.

२३ जून
फॉर्म भरून दिला. मिलमध्ये सर्वांना सांगितले. दोघांनी आपापल्या मुलांसाठी सल्ला विचारला. एकाला ५१ टक्के आहेत. त्यालाही निराश केले नाही.

२ जुलै
मयुरीला सुरतेतच इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी भरायची शेवटची तारीख १४. वत्सलाने पाटल्या काढून पाहिल्या, परत घातल्या. मी म्हणालो, पाटल्यांना हात लावायची गरज नाही, गुलाबी फॉर्म आहे. मयुरीने विचारले, कोणता गुलाबी फॉर्म? म्हणालो, सरप्राइज आहे.
ती जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. कृतज्ञता.

६ जुलै, रविवार. सकाळी साडेदहा
ट्रस्टची माणसे आली. सविताबेन म्हणून वयस्कर ट्रस्टी आणि एक मुनीम. मी बनियनवर होतो, पण ते माझ्याकडे न बघता थेट भिंतीवरच्या फोटोकडे गेले. सविताबेनने पिशवीतून चंदनाचा हार काढून फोटोला घातला. दोघांनी हात जोडले, डोळे मिटले. अर्धे मिनिट. मीही मागे अदबीने उभा राहिलो. सत्कार खूप पाहिले, एवढा मनापासूनचा नाही.
वत्सला चहा टाकायला गेली आहे. तेवढ्यात हे लिहून घेतले. क्षण निसटू नये.

६ जुलै. संध्याकाळ
सकाळचे पुढचे लिहायचे की नाही, हा प्रश्न होता. लिहितो. रोजनिशीत प्रामाणिक असावे.
चहा घेताना सविताबेनने मला विचारले, तुम्ही मोठे भाऊ का? म्हणालो, हो, इथल्या सगळ्यांचा मोठा भाऊच समजा. त्यांनी कप खाली ठेवला. मुनीम दाराजवळ जाऊन उभा राहिला. मग त्यांनी वत्सलाला जवळ बसवून हळूच विचारले, बहेन, हा माणूस तुम्हाला त्रास देतो का? वत्सलाने क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाली, वीस वर्षांपासून.
सविताबेन म्हणाल्या, घाबरू नका, पोलिसात आमची ओळख आहे.
मी मध्ये पडलो. म्हणालो, काहीतरी गैरसमज होतोय, फोटोतला माणूस मीच आहे. मुनीम म्हणाला, भाऊ-भाऊ सारखे दिसतातच.
तेवढ्यात मयुरी क्लासहून आली. मुनीमाने तिला गुलाबी फॉर्म दाखवला. तिने उभ्या उभ्या वाचला. मग खाली बसली आणि पुन्हा वाचला. म्हणाली, आप्पा, गुजरनार म्हणजे वारलेला.
गुलाबी फॉर्म वडील नसलेल्या मुलींचा असतो. मथळ्यात तसे लिहिले आहे. (मोठ्या अक्षरात. दोनदा.) म्हणजे माझ्या अक्षरातल्या माहितीप्रमाणे मी ७ मार्च १९७७ रोजी मोठ्या भावाशी न पटल्यामुळे वारलो आणि अडीच वर्षांनी मला मयुरी झाली. ही अडीच वर्षे खटकल्यामुळेच सविताबेन स्वतः आल्या होत्या. पत्रात असे कसे विचारावे, म्हणाल्या.
वत्सला अहिराणीत एवढेच म्हणाली, "तुम्हले कोन्ही सांगं व्हतं?"
सविताबेन इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. मुनीम हसला नाही. त्याने दुसरा कागद काढला. पांढरा फॉर्म. मयुरीने उषाबाईंच्या मदतीने बारा जूनलाच याच ट्रस्टमध्ये भरला होता. मार्कांवर मिळणाऱ्या स्कॉलरशिपसाठी. तिचे नाव यादीत वरती होते. पण त्यात वडील जिवंत आणि माझ्या फॉर्ममध्ये वारलेले, तेही आईच्या सहीने. तेव्हा दोन्ही फॉर्म अडकले. कमिटी शनिवारी बसते. त्याआधी वडील जिवंत असल्याचा पुरावा द्या, नाहीतर नाव पुढच्या मुलीला जाईल, असे मुनीम म्हणाला.
मी म्हणालो, मी समोर बसलोय. तो म्हणाला, फाइलला तुम्ही दिसत नाही.
हार काढून न्यायचे ते विसरले.

७ जुलै
मयुरी रागावली असती तर बरे. पांढऱ्या फॉर्मची नक्कल समोर घेऊन नुसती बसून असते. म्हणालो, पुरावा मी आणतो. जिवंत असल्याचा पुरावा माझ्याइतका कोण आणू शकतो? ती म्हणाली, आप्पा, नको. मी ऐकले नाही. चूक माझी नसली तरी सुधारायला मीच गेले पाहिजे.

८ जुलै
मिलमध्ये टाइमकीपरकडे दाखला मागितला. त्याने हजेरीपुस्तक उघडले आणि म्हणाला, आज तुम्ही रजेवर आहात. रजा दाखला मागण्यासाठीच घेतली होती. तो म्हणाला, मग उद्या या, हजर असाल तर देतो. उद्या मिलचा सुटीचा वार.

९ जुलै
डॉक्टरकडे गेलो. नाडी पाहिली, जीभ पाहिली, छातीला नळी लावली. 'प्रकृती समाधानकारक' असे लिहून दिले. म्हणालो, जिवंत आहे असे स्पष्ट लिहा. म्हणाला, इतक्या वर्षांत कोणी मागितले नाही, मला त्याचा नमुना माहीत नाही. प्रेशर जास्त निघाले. गोळ्या दिल्या.
सुकदेवला साक्षीदार म्हणून सही मागितली. त्याने कागद तीनदा वाचला आणि म्हणाला, भिकनभाऊ, पुढे काही लफडे तर होणार नाही ना? वीस वर्षांची शेजारपाजारची ओळख. माणसे ओळखू येतात अशा वेळी.

१० जुलै
टाइमकीपर रजेवर.
वत्सलाने पाटल्या पुन्हा काढल्या. या वेळी परत घातल्या नाहीत, रुमालात बांधल्या. मी निळी फाइल उघडून बसलो. आत काहीच नाही, हे आजच लक्षात आले. जेवण गेले नाही. उकाडा.

१२ जुलै, शनिवार
सकाळी मयुरी म्हणाली, आप्पा, शर्ट घाला, माझ्याबरोबर चला. एक अट, तिथे बोलायचे नाही.
ट्रस्टच्या दारात उषाबाई उभ्या होत्या. काल संध्याकाळी दोघींनी मिळून अर्ज लिहिला होता. एक पान, गुजरातीत. खाली मयुरीची सही, वत्सलाची सही, शाळेचा शिक्का. कमिटीपुढे पाच जण. मयुरीने अर्ज ठेवला आणि माझ्याकडे हात करून म्हणाली, हे माझे वडील. मी नुसता नमस्कार केला. सविताबेनने पदर तोंडाला लावला. मुनीमाने माझ्या रेशनकार्डावरून काहीतरी टिपून घेतले. सगळे मिळून चार मिनिटे. स्कॉलरशिप मंजूर, चारही वर्षांची. फीचा चेक सोमवारी परस्पर कॉलेजात जाणार.
बाहेर आल्यावर विचारले, अर्जात काय लिहिले होतेस? मयुरीने वाचून मराठीत सांगितले. माझ्या वडिलांनी फॉर्म चुकीचा समजून भरला. फसवण्याचा हेतू नव्हता. ते हयात आहेत आणि माझ्या शिक्षणासाठी धडपडतात.
'धडपडतात' हा शब्द मला तितकासा पटला नाही. त्यात पडणे येते. 'झटतात' चालले असते. पण सांगितले नाही. मयुरीने उसाचा रस पाजला, उषाबाईंनाही. तिच्याकडे पैसे कुठून आले, विचारले नाही. शिकवण्या घेते म्हणे, दोन महिने झाले.

१४ जुलै
फी भरली गेली. वत्सलाच्या हातात पाटल्या दिसल्या. मिलमध्ये सर्वांना सांगितले की काम झाले. कसे झाले ते विस्ताराने सांगायची गरज नव्हती. ५१ टक्केवाल्याने पुन्हा विचारले. त्याला म्हणालो, आधी उषाबाईंना भेट.

२० जुलै, रविवार. संध्याकाळ
सुकदेव त्याच्या सुषमाला घेऊन आला. दहावीत ८२ टक्के. हातात मार्कशीट आणि पांढरा फॉर्म. मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला, फॉर्मसाठी हात पुढे केला. सुकदेवने फॉर्म दुसऱ्या हातात घेतला आणि विचारले, मयुरी कधी येईल?
म्हणालो, येईलच, बसा.
ती आली. तिघे आत बसले. खोलीत तिघांचीच जागा, म्हणून मी ओट्यावर थांबलो. थोड्या वेळाने मयुरीने आतून हाक मारली. मला वाटले, काही अडले असेल. फोटो चिकटवायला डिंक पाहिजे होता.
कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. दोन प्रकारचे होते. मी दोन्ही बोटाला लावून पाहिले आणि चांगला निवडला. फोटो पक्का बसला.