निळ्या खडूची रेघ

मंगळवार, ४ मार्च

सापडली एकदाची बैठक! सकाळपासून चार नंबर फिरवले. पहिला बंद. दुसऱ्यावर दातांचे डॉक्टर. "काय दुखतंय?" म्हणाले. नवरा, असं अगदी ओठांवर आलं होतं. तिसरा कुणी उचललाच नाही. चौथ्यावर एक बाई भेटल्या. दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक, दर गुरुवारी संध्याकाळी सहाला, वाचनालयाच्या वर, खोली नंबर चार. आडनाव सांगायचं नाही, कुणी काही विचारत नाही. "घरच्यांची बैठक त्याच वेळी शेजारी पाच नंबरात असते. तुम्हीही या."

मला काय धाड भरलीय? पितात हे, मी नाही. पत्ता मापाच्या वहीत लिहून घेतला.

गुरुवार, ६ मार्च

नेलं. जिन्यात हे दोनदा मागे फिरले. दंडाला धरून वर चढवलं.

शनिवार, २९ मार्च

तेवीस दिवस. एक थेंब नाही.

चौदा वर्षं मी काय काय केलं — शपथा घातल्या, रडले, अबोला धरला. न्हाणीघरात टाकीमागे, बुटांच्या खोक्यात, जिथे बाटली सापडेल तिथे लेबलावर माझ्या शिवणाच्या निळ्या खडूनं रेघ मारायची. संध्याकाळी किती उतरली ते बघायचं. "घेतली नाही" म्हणाले की बाटली समोर धरायची. काही उपयोग झाला नाही. आणि बैठकीतल्या, कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं तीन आठवड्यांत करून दाखवलं.

आनंद व्हायला हवा. होतोय. पण आत काहीतरी चरचरतं.

मंगळवार, २२ एप्रिल

कुलूपवाले म्हणजे यांचे मार्गदर्शक. तिथली रीतच आहे — जुन्यानं नव्याला सांभाळायचं, नव्यानं रोज सकाळी जुन्याला फोन करायचा. हे गॅलरीत जातात, दार लोटून घेतात, अर्धा अर्धा तास बोलतात. मी मशीन थांबवून ऐकते. शब्द कळत नाहीत.

आज आवाज रडवेला होता. सासूबाई गेल्या तेव्हाही हे माझ्यासमोर रडले नव्हते. आत आले तेव्हा विचारलं, "काय बोलणं झालं?"

"तिथलं तिथेच ठेवायचं असतं गं."

मग कप उचलून म्हणाले, "चहा छान झालाय." त्या माणसाला सगळं पोट उघडून दाखवायचं आणि मला काय — चहा छान झालाय!

गुरुवार, १५ मे

नणंदेचा फोन. "वहिनी, त्या कुलूपवाल्यांचे उपकार कसे फेडायचे हो?"

चौदा वर्षं उलट्या कुणी पुसल्या? "ताप आलाय, आज येणार नाहीत" असे यांच्या कामावर फोन कुणी केले? "हो ना," म्हटलं, फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाचं चांगलं कापड वाकडं कापून ठेवलं.

जळते मी. इथे कोण वाचायला येतंय! साठी उलटलेल्या, टकल्या, सतत नाक ओढणाऱ्या एका माणसावर जळते.

रविवार, १ जून

येत्या गुरुवारी यांना नव्वद दिवसांचा बिल्ला मिळणार. कुलूपवाल्यांच्या हातून. "तूही ये ना," म्हणाले. टाळ्या वाजवायला.

पूर्वी पिऊन आले की माझा हात सोडायचे नाहीत. "तू नसतीस तर मेलो असतो," म्हणायचे. आता मी नसले तरी यांचं चालेल. खरं सांगायचं तर मला ती रडकी, ओकारी येणारी संध्याकाळ हवीशी वाटली आज. क्षणभर नाही, चांगली दुपारभर.

सोमवार, २ जून

दोन गल्ल्या सोडून दुकान आहे. यांचीच नेहमीची आणली. टाकीमागे ठेवली, जुन्या जागी.

मग मशीनवर बसून राहिलेलं ब्लाउज पुरं केलं.

मंगळवार, ३ जून

रात्रभर डोळा नाही, पहाटे जरा लागला. उठल्या उठल्या काढून टाकायला गेले तर बाटली जागेवर नाही!

हे आज गॅलरीत गेलेच नाहीत. चहा अर्धा ठेवून कामावर गेले. कुठल्या तोंडानं विचारू? दिवसभर एक टाका सरळ पडला नाही. माझ्या हातानं मी काय करून बसले.

बुधवार, ४ जून

संध्याकाळी यांनी डब्याच्या पिशवीतून बाटली काढून ओट्यावर ठेवली. सील तसंच.

"काल पहाटे दिसली. वाटलं माझीच, जुनी. मग हे बघितलं."

लेबलावर निळी रेघ. भरलेल्या बाटलीवर! कधी मारली मला आठवतसुद्धा नाही. चौदा वर्षांची हाताची सवय.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. मी एवढंच विचारू शकले, "कुलूपवाल्यांना सांगितलं?"

"नाही. आधी तुझ्याशी बोलायचं होतं."

यांनी बाटली मोरीत ओतली. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि बोलले. टाकीपाशी वीस मिनिटं बसून होते ते, सील दोनदा पकडलं ते, मला उठवावंसं वाटलं आणि धीर झाला नाही ते. मला जे ऐकायचं होतं ते सगळं ऐकलं. मान वर करता आली नाही.

गुरुवार, ५ जून

निघताना यांनी हातात चिठ्ठी दिली. खोली नंबर पाच, घरच्यांची बैठक, सहा वाजता. "फोन करून विचारून ठेवलंय," म्हणाले.

जिन्यात मी दोनदा मागे फिरले. यांनी दंडाला धरून वर चढवलं.