इंदूच्या खोलीला बाहेरून दार

१७ नोव्हेंबर, रवि.
गावातलं घर वाटणीत चुलतभावाकडे गेलं ते गेलं. मे अखेर मोकळं करून द्यायचं ठरलं. आपण मळ्यात बांधायचं. पिंपरी पेंढारच्या शिवारात विहिरीशेजारी जागा पक्की केली. सौ. खूश. रोज डबा घेऊन मळ्यात जाणं वाचेल.
इंदूला अजून नीट सांगितलेलं नाही. धाकटी बहीण, चव्वेचाळीस पूर्ण. सात वर्षांची असताना गोवरात डोळे गेले, तेव्हापासून त्याच घरात आहे. तिथं काठीशिवाय फिरते. नव्या घरात कसं करेल?

२६ नोव्हेंबर, मंगळ.
शाळेत हजेरीचे तक्ते अर्धवट टाकून अर्धी रजा. हेडमास्तर कुरकुरले. कारकुनाला सबब लागतेच, पोटदुखी सांगितली.
घरी येऊन टेपने घर मोजलं. मग इंदूच्या मागे मागे चालत तिची पावलं मोजली. खाटेपासून मोरी अकरा. मोरीपासून स्वयंपाकघराचा उंबरा सात. तिथून बाहेरचं दार नऊ. सगळं वहीत उतरवलं.
"दादा, मागं मागं का फिरतुयास?"
"असंच," म्हणालो.

१ डिसेंबर, रवि.
नारायणगावला इंजिनिअरकडे. वही बघून म्हणाला, "काका, ही जुनी रचना झाली. हवा खेळणार नाही." म्हटलं हवेचं बघू, अंतरं हीच पाहिजेत. कारण सांगितल्यावर त्याने कागद ओढला. चुलीच्या जागी ओटा, मोरीच्या जागी बाथरूम. बाकी तेच.

१५ डिसेंबर, रवि.
फक्की मारून पायाची आखणी झाली. इंदूला घेऊन गेलो. तिला जमिनीवरच्या पांढऱ्या रेघा काय कळणार, म्हणून सगळ्या रेघांवर विटा मांडल्या. लक्ष्मण गवंडी न सांगता मदतीला आला. इंदू काठीने वीट चाचपत फिरली. "ही मोरी. हितं माझी खाट." एकही जागा चुकली नाही. बरं वाटलं. महिनाभराचं ओझं उतरलं.
येताना गाडीवर बोलली नाही. दमली असेल.

२ जानेवारी, गुरु.
पाया भरला. जोतं दोन फूट. पहाटे पाणी मारायला जातो, मग आंघोळ, मग शाळा. सर्दी.

१२ जानेवारी, रवि.
वीटकाम चाललंय. इंदू आता रोज सौ.बरोबर येते. आज भिंतीवरून हात फिरवत होती. लक्ष्मणला म्हणाली, "हितं पोट आलंय भिताडाला."
तो हसला. ती हात तिथेच ठेवून उभी. शेवटी त्याने ओळंबा सोडला. अर्धा इंच बाहेर. तीन थर काढून पुन्हा लावले. दुपारनंतर दुसरी भिंत झाली तर स्वतःच हाक मारली, "इंदूताई, जरा बघून घ्या."

२१ जानेवारी, मंगळ.
शाळेतून सरळ कामावर. इंदूच्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीत जोत्यापासून वर तीन फूट रुंद जागा मोकळी सोडलेली. नकाशात तिथं नुसती खिडकी आहे. लक्ष्मणला विचारलं.
"ताईंनी सांगितलं, दार ठिवा. मला वाटलं तुमचं घरात ठरलंय."
बुजवायला सांगितलं. इंदू तिथेच विटांवर बसलेली. सगळं ऐकत होती. 

२२ जानेवारी, बुध.
सकाळी चहाला तिनेच काढलं.
"तू माझी पावलं मोजलीस, दादा. मला इचारलं न्हाईस."
म्हटलं, तुझ्यासाठीच तर जुन्यासारखं बांधतोय. सगळं हाताला सापडावं म्हणून.
"सापडतं की. पण भायेर जायचं तर वैनीच्या सैपाकातनं. माझ्याकडं कुणी यायचं तर तुमच्या समद्यांच्या अंगावरनं. शेवयाला बाया आल्या की वैनी पीठ झाडत बसती. मला माझं दार पायजे."
शेवयांचं मशीन तिचं आहे. उन्हाळ्यात चांगलं चालतं. फोन आला की फोनच नाव बोलतो, ऑर्डरी तीच घेते. हे सगळं मला माहीत आहे. पण तिकडे पूर्वेला उसाचा फड आहे. मागच्या महिन्यात त्याच बांधावरून बिबट्याने शेळी नेली. तेच सांगितलं.
"तुमच्या दारातनं येणार न्हाई, असं त्यानं लिवून दिलंय का?"
शाळेला वीस मिनिटं उशीर.

२४ जानेवारी, शुक्र.
लक्ष्मणने दाराची जागा बुजवली. इंदू दोन दिवस कामावर आली नाही. जेवते, विचारलं तर उत्तर देते. भांडत नाही. भांडली असती तर बरं.
बिबट्या आहेच. पण तेवढंच नाही. लोक म्हणतील, आईबाप गेल्यावर बहिणीला वेगळी काढली. आणि ती कधी बाहेर पडली ते मला कळणार नाही, हेही आहे. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

२६ जानेवारी, रवि.
झेंडावंदन आटपून घरी. सौ.ला म्हणालो, तू तरी समजाव तिला.
"अवो, द्या की दार."
मला वाटलं होतं ती माझ्या बाजूची.
"मला वन्सं जड न्हाईत. पण पंचवीस वर्सं समद्यांची वाट माझ्या सैपाकातनं हाय. त्यांनाबी नको झालंय, मलाबी."
पूर्वेला नको, उत्तरेला रस्त्याच्या अंगाने दार ठेवा, त्याला बाहेरून लोखंडी जाळीचं दुसरं दार लावा, हे तिनेच सुचवलं. म्हणजे दोघींचं आधी बोलणं झालेलं होतं. किती दिवस, कोण जाणे.

२८ जानेवारी, मंगळ.
उत्तरेची भिंत फोडली. लक्ष्मण म्हणाला, "भाऊ, आजून काय बदलायचं आसंल तर स्लॅबच्या आत सांगा."
इंदूला विचारलं, अजून काय पाहिजे? तिची यादी तयार होती. दारापुढं बायांना बसायला ओटा. मशीनला वेगळं बटण, हात सहज पुरेल असं. खाट खिडकीखाली. मोरी खोलीला लागूनच. अकरा पावलं चालत जायची हौस नाही म्हणाली.
इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, मग आता हवापण खेळेल.

१६ फेब्रुवारी, रवि.
स्लॅब टाकला. मिक्सर आठला आला, साडेतीनला आटपलं. कामगारांना जेवण, पेढे. खडी थोडी कमी पडली होती, शेजारून आणली. माल ओतायच्या आधी इंदू शिडीने वर जाऊन सळ्यांवर हात फिरवून आली म्हणे. लक्ष्मण शिडी धरून उभा होता. मी सिमेंटच्या गोण्या मोजत होतो. मला संध्याकाळी कळलं.

९ मार्च, रवि.
आतलं प्लास्टर. वायरमनने बटण उंच बसवलं. काढून खाली घ्यायला लावलं.

१३ एप्रिल, रवि.
आळेफाट्याला फरशी घ्यायला. इंदू, सौ., मी. दुकानदार मला रंग दाखवत होता. इंदूने चप्पल काढली आणि मांडलेल्या एकेका फरशीवर उभी राहिली. सौ.ला आवडलेली चकचकीत तिने नापास केली. "पाण्यात पडंल मानूस." खरखरीत, मातकट रंगाची घेतली. सौ. रंगावरून दिवसभर नाराज.

३० एप्रिल, बुध.
अक्षय तृतीया. वास्तुशांत झाली. साठ पानं उठली. चुलतभाऊ आला, जेवला, घर फिरून बघितलं. "दोन दारं कशाला?" विचारलं. इंदूच म्हणाली, "एक माझं हाय." तो माझ्याकडे बघत होता. मी वाढायला घेतलं.

२ मे, शुक्र.
काल नव्या घरात राहायला आलो. इंदू चुकते आहे. दुपारी मधल्या खोलीत बरोबर मध्यभागी उभी. कशाला धरलेलं नाही. हाक नाही. कपाळाला टेंगूळ.
"काय झालं?"
"थांब. आईकतीया."
म्हणाली, जुन्या घरात मातीच्या भिंती आवाज गिळायच्या. इथं आवाज घुमतो. भिंत कुठं आहे ते ऐकू येत नाही. मी अंतरं धरून बसलो होतो. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
हात धरायला गेलो. "नको. ऱ्हाऊ दे."
खोलीच्या दारापर्यंत जायला तिला वीस मिनिटं लागली. मी पाट घेऊन स्वयंपाकघरात बसलो. सौ. पोळ्या लाटायची थांबली होती.

३ मे, शनि.
सौ.ने भिंतींना गोधड्या टांगल्या. मधल्या खोलीत दोन, इंदूच्या खोलीत एक. नव्या रंगात खिळे ठोकले.  इंदू म्हणाली, जरा बरं वाटतंय.

७ मे, बुध.
मशीन सुरू झालं. तिघी बाया आल्या, ओट्यावर बसल्या, हसण्याचा आवाज. कोण कोण होत्या मला माहीत नाही. स्वयंपाकघरात कुणी आलं नाही. सौ.ने सकाळी पुसलेली फरशी संध्याकाळी परत येऊन बघितली.

११ मे, रवि.
रस्त्याने गेलं की पलीकडे कमलबाईंची वस्ती. त्यांच्याकडे परवा लग्न आहे. शेवया न्यायला त्यांचा माणूस काल येणार होता, आला नाही. आज दहा वाजता इंदू पिशवी आणि काठी घेऊन तिच्या दारातून निघाली. सौ.बरोबर दोनदा ती वाट चालून आली आहे म्हणे. म्हटलं, मोटारसायकलवर सोडतो.
"गाडीवर वाट कळत न्हाई, दादा."
वळणापर्यंत दिसली. काठी डाव्या हाताला, रस्त्याच्या कडेने. पुढं दोन्हीकडे ऊस.
चप्पल घातली. सौ. म्हणाली, "बसा." बसलो. फोन लावला नाही. वाजला तर मधेच रस्त्यात थांबेल.
साडेदहा. मला पाच मिनिटांची वाट आहे ती. तिला किती, माहीत नाही. वही उघडून लिहीत बसलो. विहिरीवर मोटर चालू आहे, त्यामुळे रस्त्याचं काही ऐकू येत नाही. जाऊन मोटर बंद केली.
पावणेअकरा. तिच्या खोलीचं जाळीचं दार नुसतं लोटलेलं. कडी घालायला गेलो. घातली नाही.