मावशी रागावली त्या दिवशी

आई, दारव्हा सोडून दिग्रसच्या रस्त्याला लागलो आणि थोड्याच वेळात गाडीच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली. तुझ्या वेळी आपल्याकडे बाबांची सायकल होती आणि लांब जायचं तर एसटी, त्यामुळे गाडीतलं तुला काही कळलं नसतं. मलाही फारसं कळत नाही. रोज ऑफिसला चालवत नेते एवढंच. नागपूरच्या बाहेर इतक्या लांब मी स्वतः गाडी घेऊन निघाले ती पहिल्यांदाच. शेजारच्या सीटवर मावशी होती. मावशी म्हणजे कोण, ते तुला सांगायला हवं. तू गेल्यावर दोनेक वर्षांनी बाबांनी लग्न केलं, ती. लग्नाच्या दिवशीच आजीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, हिला मावशी म्हणायचं. तेव्हापासून माझे केस पांढरे होईपर्यंत मी तेच म्हणत आले. ती तुझ्याबद्दल बोलताना नेहमी ‘ताई’ म्हणते. तुला तिनं कधी पाहिलेलंही नाही.

बाबा गेल्या उन्हाळ्यात गेले. यवतमाळच्या घरात मावशी एकटी उरली. तिला स्वतःचं मूल नाही. नांदेडहून तिच्या भाच्याचा फोन आला, आत्या, आता तिथं एकटी कशाला राहतेस, इकडेच ये कायमची. ती ‘बरं’ म्हणाली. मला कळवलं तेव्हा मीही ‘बरं होईल’ म्हणाले. सगळेच इतक्या समजूतदारपणे बोलत होते की त्यात विचारण्यासारखं काही उरलंच नाही. दिवाळी आटोपल्यावर मी ऑफिसातून सुट्टी काढली, नागपूरहून यवतमाळला आले आणि सकाळीच तिला घेऊन निघाले. तिच्या दोन बॅगा, चिवड्याचा डबा, आणि मागच्या सीटवर जुन्या चादरीत गुंडाळलेलं तिचं शिवणयंत्र. बाकी सगळं घर जसंच्या तसं ठेवून तिनं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मागं वळून पाहिलं नाही. मला वाटलं, तिला जड जात नसावं.

आर्णीवरून मोठ्या रस्त्यानं गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. पण मी गाडी दारव्ह्याकडून घेतली, तू शिकवायचीस त्या शाळेसाठी. फाटकापाशी थांबले. मावशी उतरली नाही. म्हणाली, “तू पाहून ये. ताईची शाळा हाय, निवांत पाह्य.” इमारत नवी झालीय, पण मागचं चिंचेचं झाड आहे. तिथं उभी राहिले आणि आठवलं, तू तिसरीच्या वर्गात फळ्यासमोर उभी आहेस, मी अजून शाळेत जायच्या वयाची नाही तरी शेवटच्या बाकावर पाटी घेऊन बसलेय, आणि तू सगळ्या मुलांना जसं दटावतेस तसंच मलाही दटावतेस, नावानं, जणू ओळखतच नाहीस. बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर तू मला हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन देतेस आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा बजावतेस, पळू नकोस, फुटतील. मी पळतेच. एक फुटते. तू रस्त्यातच माझा कान धरतेस. तुझं असं रागावणं मला इतकं लख्ख आठवतं, आणि तुझा हसरा चेहरा आठवायला मात्र फोटो बघावा लागतो.

तिथून निघालो तेव्हाच गाडीचा तापमानाचा काटा वर चढायला लागला होता. मी पाहिलं होतं, पण दिग्रसपर्यंत जाऊ, मग बघू, असं ठरवलं. पुढं एसीतून गरम हवा यायला लागली. मावशीनं पदर नाकाला लावला. “हा कायचा वास येऊन राह्यला?” मी म्हणाले, काही नाही, बाहेरचा असेल. आणि मग समोर वाफच वाफ. कशीबशी गाडी कडेला घेऊन एका कडुनिंबाखाली उभी केली. दोन्हीकडे फुटलेला कापूस, वेचणीच्या बाया लांबवर वाकलेल्या, रस्त्यानं मधूनच भरून जाणारी एखादी जीप. मदतीच्या नंबरवर फोन लावला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, गाडी उचलायला येईपर्यंत संध्याकाळ होईल, मॅडम. मला दुसऱ्या दिवशी ऑफिसला हजर व्हायचं होतं. आजच्या आज नांदेड गाठायचं, तिला पोचवायचं, लगेच परत फिरायचं, असं सगळं मी डोक्यात बसवून आणलेलं होतं, आणि ते असं रस्त्याच्या कडेला येऊन थांबलं म्हणून मी चिडले होते. मावशी म्हणाली, “गाडीले पानी लागत असन. मी त्या बायाईले इचारून येते.” आणि गुडघे सांभाळत बांधावरून शेतात उतरली.

ती येईपर्यंत थांबायला हवं होतं. मी बॉनेट उघडलं, ओढणीचा बोळा करून पाण्याच्या टाकीच्या झाकणावर धरला आणि जोर लावून फिरवलं. काय झालं ते कळलंच नाही. उकळतं पाणी आणि वाफ एकदम वर उसळली, मी तोंड बाजूला घेतलं, पण उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत पोळला. आणि माझ्या तोंडून हाक निघाली, “आई!” मोठ्यानं. आख्ख्या शिवारात ऐकू जाईल अशी.

“आली! आली मी!” असं ओरडत मावशी धावत आली. आई, तिला घरात दोन पायऱ्या चढायला कठड्याचा आधार लागतो. ती कापसातून, ढेकळांतून धावत आली. पाण्याची कळशी वाटेतच टाकून आली. माझा हात बघितला आणि दुसऱ्या हाताला धरून मला ओढतच शेतातल्या पाण्याच्या ड्रमपाशी घेऊन गेली. हात ड्रममध्ये बुडवला आणि माझं कोपर असं घट्ट धरून ठेवलं की मला तो काढता येईना. आणि मग ती बोलायला लागली.

“अक्कल हाय का नाई तुले? उकळत्या इंजिनाचं झाकन उघडते का कोनी? डोळे गेले असते म्हंजे? तोंड भाजलं असतं म्हंजे? मी सांगून गेलती ना पानी आनते म्हनून? दोन मिनटं थांबता येत नाई? काहून इतकी घाई हाय तुले? मले लवकर नांदेडले टाकून याची?”

शेवटचं वाक्य बाहेर पडलं आणि ती एकदम गप्प झाली. वेचणीच्या बाया भोवती जमल्या होत्या. त्यांच्यातली एक, शेताची मालकीण असावी, माझ्याकडं बघून म्हणाली, “बोलू द्या, बाई. माय हाय, भेली थे.”

आम्हा दोघींपैकी कुणीच तिची चूक दुरुस्त केली नाही.

पाण्यात हात धरून मी उभी होते आणि मला तुझं स्वयंपाकघर आठवत होतं. मी गरम तव्याला बोट लावलंय, तू आधी पाठीत धपाटा घातलास, मग माठातलं पाणी तांब्यात घेऊन त्यात माझं बोट बुडवून धरलंस, आणि माझ्यापेक्षा तूच जास्त रडतेयस. तू गेल्यापासून मला असं कुणी रागावलं नव्हतं. बाबा तर रागावणारे नव्हतेच. आणि मावशी? तिनं कधी आवाजसुद्धा चढवला नाही. शाळेत मैत्रिणी सांगायच्या, काल आईनं असं झोडपलं, तसं बोलली, आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. मी गणितात नापास झाले तेव्हा मावशीनं प्रगतिपुस्तक पाहिलं, काही न बोलता गरम भाकरी वाढली आणि पुढ्यात लोणी ठेवलं. मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं, हिला माझं काही पडलेलं नाही.

हात जरा शांत झाल्यावर आम्ही झाडाखाली बसलो. मावशी पुटपुटली, “जास्तच बोलली मी. मनावर नको घेऊ.” मी म्हणाले, “मावशी, इतक्या वर्षांत तू मला कधीच रागावली नाहीस.” ती कापसाकडं बघत राहिली. मग म्हणाली, “कशी रागावू? पहिल्याच दिवशी तुह्या आजीनं सांगतलं मले, पोरीले एक शब्द बोलशीन तर सारं गाव सावत्रपना मोजीन. मी नवी. भेऊनच राह्यली. तू नापास झाली तवा लय बोलावं वाटलं. कॉलेजात असताना त्या मैत्रिनीच्या गाडीवर बसून पडून आली, तवा तर दोन थोबाडीत द्याव्या वाटल्या. तोंडापर्यंत याचं अन् मी गिळून टाको. मंग सवयच झाली.” जरा वेळानं म्हणाली, “आज तू हाक मारली अन् सारंच सुटलं.”

तिनं पदराच्या टोकानं माझा चेहरा पुसला, जसा लहान मुलाचा पुसतात तसा, थोडा खसाखसाच.

शेतमालकिणीच्या नवऱ्यानं दारव्ह्याच्या एका मिस्त्रीला फोन केला. वयस्कर मुसलमान गृहस्थ, मोटरसायकलवर आले. गाडीत डोकावले, बॅटरी मारून बघितली, म्हणाले, “होज पाईपला चीर गेली, बेटा. पानी गळून गळून खतम झालं.” मग माझा हात पाहिला. “पहिले दवाखान्यात जा तुम्ही. गाडी कुठं पळून नाही चालली.” एका जीपला दोर बांधून गाडी त्यांच्या गॅरेजात नेली. मी हाताला पट्टी बांधून घेतली. गॅरेजच्या बाकड्यावर आम्ही दोघी चहा पीत बसलो, मावशी चिवड्याचा डबा उघडून मिस्त्रींनाही देत होती, आणि समोर आमची गाडी तोंड वासून उभी. पाईप बदलला, पाणी भरलं, इंजिन चालू करून बराच वेळ ते कान लावून ऐकत राहिले. मग हात पुसत म्हणाले, “चालन. पन इंजिन जास्त तापलेलं हाय, लांबचा पल्ला आज नका धरू. यवतमाळपर्यंत हळूहळू जाल. नांदेड आज नाही.”

मी मावशीकडं पाहिलं. ती म्हणाली, “तू म्हनशीन तसं.”

“मावशी, नांदेडला जायचं तुझ्या मनात आहे का?”

“भाचा चांगला हाय. त्याची बायको बी चांगली हाय.”

“मी ते नाही विचारलं.”

तिनं चहाचा रिकामा ग्लास बाकड्यावर ठेवला, पुन्हा उचलला. “मले कोनी इचारलंच नाई ना वं,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच मला ते फार लागलं.

“माझ्याकडे येशील? नागपूरला?”

“मले करमन तिथं?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. “पण चल.”

तिनं डब्याचं झाकण लावलं, बसलं नाही, काढून पुन्हा लावलं. मग म्हणाली, “मशीन ठेवाले जागा हाय का तुह्या घरात?”

परतीच्या वाटेवर पट्टी बांधलेल्या हातानंच मी हळूहळू गाडी चालवत होते आणि ती काट्यावरून नजर हलवत नव्हती. माझ्या बाजूला झुकून विचारायची, “वर चढून राह्यला का तो?” मी म्हणायची, नाही. पुन्हा जरा वेळानं, “आता?” दिवेलागणीच्या आधी यवतमाळला पोचलो. सकाळी तिनं लावलेलं कुलूप तिनंच उघडलं, आत गेली, आणि काही झालंच नाही अशा थाटात कणीक मळायला बसली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला कळवून टाकलं आणि तिच्या भाच्याला फोन केला. तो जरा हिरमुसला. आत्यासाठी त्यानं खोली रंगवून घेतली होती. त्याची समजूत घालायला तीच फोनवर आली, आणि मला ऐकू येत होतं, ती त्यालाही रागावत होती.

आता ती इथं आहे. नेहमीच गोड चाललंय असं नाही. यवतमाळची आठवण आली की दोन दिवस जेवण कमी करते. मग मी तिला घरी सोडून येते, पंधरवड्यानं आणते. माझ्या फोनवरून, भाजीतल्या मिठावरून, उशिरा झोपण्यावरून बोलते. माझ्या नवऱ्यालाही, म्हणजे तिच्या जावयालाही, सोडत नाही. हातावरचा डाग फिका झालाय, पूर्ण जाणार नाही म्हणतात.

मध्ये एकदा चहा गाळता गाळता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “तवा तू हाक मारली, थे मले का ताईले?” मी म्हणाले, “तुला.” त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली. खरं सांगायचं तर आई, ते मलाही माहीत नाही. पोळल्यावर माणूस काय म्हणतो, तेच मी म्हणाले. कुणी धावत आलं, एवढंच नक्की.

हे मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहितेय. पलीकडच्या खोलीत यंत्राचा आवाज येतोय, कुणाचा तरी ब्लाऊज शिवतेय ती. हे कुठं पाठवायचं नाही, तिला दाखवायचंही नाही. एवढं सगळं लिहिलं, ते मुळात एकच गोष्ट सांगण्यासाठी, आणि तीच लिहायला हात अडत होता. मी तिला आता आई म्हणते. आणि तसं म्हणताना आधी तिचा चेहरा समोर येतो, मग तुझा.