चढणीच्या दिवशी परीक्षा

लेस्त्राद, १२ मार्च १९७८

चि. ओदेतला ताईचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. बसलीस? मी परीक्षेला नाव घातलंय. हसू नकोस! तीच ती, प्राथमिक शाळेच्या दाखल्याची, बाराव्या वर्षी माझी हुकली ती. मोठ्या माणसांनाही देता येते म्हणे. गावच्या शाळेतल्या नव्या व्हिगिए बाई चीज घ्यायला आल्या होत्या, त्यांनी सहज सांगितलं. मी हातातली सुरी तशीच धरून म्हटलं, की माझं नाव लिहून टाका. बाई दचकल्याच. सुरी बघून असेल.

गणितात मला कोण हरवणार? चाळीस वर्षं दुधाची मापं तोंडी करतेय. श्रुतलेखनही बरं जातं. घोडं अडलंय ते एका काळापाशी. ‘केलं असतं, गेले असते’ तो काळ. बोलताना जन्मभर वापरला गं! ‘मी पास झाले असते’ हे तर नवरा म्हणून बिचाऱ्या एमीलने मरेपर्यंत रोज सुपाबरोबर ऐकलं. पण लिहायला बसले की क्रियापदाचे तुकडे माझ्या हातातून सुटतात. व्हिगिए बाई गोड आहेत, पण वय चोवीस. त्यांना हळहळ म्हणजे काय ते कुठून कळणार? तू पस्तीस वर्षं पोरांना हेच शिकवलंस, आता मला शिकव. आणि तुझ्या ज्युलला सांगू नकोस, तो सगळ्या क्लेर्मोंभर करेल.

तुझी ताई,
ओर्तांस

*

क्लेर्मों, १९ मार्च १९७८

ती. ताईस ओदेतचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उडी मारली. साठाव्या वर्षी! ज्युल धावत आला, काय झालं म्हणून. मी सांगून टाकलं. रागावू नकोस. माझ्या नवऱ्याला कळलं म्हणजे शहराला कळलं हे खरंच, पण त्याने लगेच बाटली उघडली आणि तुझ्या नावाने दोन प्याले चढवले.

आता वही काढ. या काळाला दोन तुकडे लागतात. पहिला तुकडा म्हणजे मदतीचं क्रियापद, ते ‘असतं’च्या रूपात ठेवायचं. दुसरा म्हणजे मूळ क्रियापदाचं ‘झालेलं’ रूप. ‘जोरे शांते’, मी गायले असते. झालं! मदतनीस दोघं आहेत. बहुतेक क्रियापदं पहिल्याला घेतात, पण येणं, जाणं, निघणं, जन्मणं, मरणं अशी घर सोडणारी मंडळी दुसऱ्याला घेतात. ‘ज सरे पार्ती’, मी निघाले असते. या दुसऱ्याबरोबर मात्र बाई बोलत असेल तर शेवटी एक अक्षर जास्त लावायचं. ते ऐकू येत नाही, म्हणून सगळे विसरतात. तू विसरू नकोस.

आणि नीट लक्षात ठेव, ‘जर’नंतर लगेच हा काळ कधीही येत नाही. तिथे भूतकाळच येतो. आपल्या गावातला प्रत्येक जण ही चूक करतो, बाबासुद्धा करायचे.

पोरांना मी नेहमी सांगायचे, की उदाहरणं पुस्तकातली नकोत, आपल्या घरातली आणा. तूही तीन वाक्यं लिहून पाठव. मी तपासते. आनंदाने मला काही सुचत नाहीये, ताई!

तुझीच,
ओदेत

*

लेस्त्राद, २३ एप्रिल १९७८

चि. ओदेतला आशीर्वाद.

घे वाक्यं.

बाबांनी मला सोडलं असतं, तर मी परीक्षेला बसले असते.

ओदेत गाईंना घाबरत नसती, तर तिने बारोन गाईला डोंगरावर नेलं असतं.

मी शाळेत मास्तरीण झाले असते आणि ओदेत चीज वळत बसली असती.

तिसरं वाक्य लिहिताना मला इतकं हसू आलं की शाई सांडली. तू आणि चीज! व्हिगिए बाईंनी तिन्ही बरोबर दिली, ‘जर’नंतरचा भूतकाळ आणि ते न ऐकू येणारं अक्षरसुद्धा जागेवर होतं. म्हणाल्या, की या काळात तुम्ही शिक्षिकेला शिकवाल.

पण आता सगळं मुसळ केरात. काल तारीख आली. पंचवीस मे. वाच पुन्हा. पंचवीस मे! संत युर्बँचा दिवस, गुरं डोंगरावरच्या कुरणात न्यायचा. अठ्ठावीस साली हेच झालं आणि आज पन्नास वर्षांनी पुन्हा तेच. मी गुराख्याला, बास्त्याँला विचारलं, एक दिवस पुढे ढकलू का. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू मी नाताळ पुढे ढकला म्हणाले. आणि आमची म्होरकी गाय, मार्कीज, माझ्याशिवाय कुणाच्या मागे पाऊल टाकत नाही. ती नाही हलली तर मागची सत्तर गुरं हलत नाहीत, हे तुला माहीत आहे. बास्त्याँने ओढून पाहिलं, तर तिने त्याला डबक्यात बसवलं.

तेव्हा बाईंना सांगते, की नाव काढा. वाईट वाटून घेऊ नकोस. मी घेतलंय तेवढं पुरे.

तुझी,
ओर्तांस

*

क्लेर्मों, ३० एप्रिल १९७८

ती. ताई,

नाव काढू नकोस. माझी शपथ आहे तुला. आधी हे वाच, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझं दुसरं वाक्य चुकलंय. व्याकरण बरोबर आहे, गोष्ट खोटी आहे. मी गाईंना घाबरत नव्हते. कधीच नाही.

अठ्ठावीस साली चढणीच्या आदल्या दिवशी बाबांनी माझ्या मुठीत मीठ दिलं आणि म्हणाले, ने बारोनला अंगणभर. जमलं तर उद्या तू ने, ओर्तांस परीक्षेला जाईल. ताई, ती माझ्यामागे कोकरासारखी आली. माझा हात चाटला. आणि मी किंचाळले. मुद्दाम. जमिनीवर लोळले. बाबांनी मला उचलून आत नेलं आणि तुला सांगितलं, की उद्या तुलाच जावं लागेल.

दहा वर्षांची होते. सगळी शाळा ओर्तांस, ओर्तांस करायची. तू पहिली आलीस तर जन्मभर मला तुझ्याच मापाने मोजतील, एवढंच डोक्यात होतं. दोन वर्षांनी मी तुझीच पुस्तकं घेऊन त्याच परीक्षेला बसले आणि पास झाले. मग ते सोंग सोडता येईना. प्रत्येक सुट्टीत तुझ्या गोठ्याच्या दाराशी उभी राहून किंचाळले. ज्युलही फसला. तू मात्र दरवेळी मला पाठीशी घालून गाईंना हाकलायचीस, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पंचवीस मेला मी येते. मार्कीजला मी नेणार. तू परीक्षेला बस.

ओदेत

*

लेस्त्राद, ९ मे १९७८

ओदेत,

आज आशीर्वाद नाहीत.

पत्र पहिल्यांदा वाचलं आणि दुधाची बादली लाथाडली. दुसऱ्यांदा वाचलं आणि रडले. आठवडाभर तुझ्याशी भांडत राहिले, गोठ्यात, मोठ्याने. कसली गं तू मेली! पन्नास वर्षं! आणि मी दर नाताळाला तुझ्या खुर्चीपासून मांजरसुद्धा लांब ठेवायची, तिला शिंगं नसताना!

माफ केलं असं समजू नकोस. ते बघू. पण नाव काढलेलं नाही.

आता कान देऊन ऐक. चार दिवस आधी ये आणि रोज मार्कीजला तूच खाऊ घाल. मीठ एप्रनच्या उजव्या खिशात, डाव्या नाही. तिच्या पुढे चालायचं, बाजूने नाही. हाक पोटातून मारायची. आणि एकदा निघालीस की वळून बघायचं नाही, इकडेतिकडेही नाही. तू रेंगाळलीस की ती थांबते आणि ती थांबली की संपलं. शहरातले बूट आणू नकोस.

ओर्तांस

*

क्लेर्मों, २८ मे १९७८

ती. ताईस ओदेतचा नमस्कार.

नेलं! ताई, मी मार्कीजला नेलं! वरच्या कुरणातून ज्युलने मला थेट गाडीत घालून घरी आणलं, म्हणून परत येऊन तुला भेटता आलं नाही. पाय भोपळ्याएवढे झालेत आणि मी राणीसारखी पडून आहे.

सतरा किलोमीटर! तिच्या कपाळाला झेंडे, गळ्यात घंटा आणि तिच्यापुढे मी. गावाबाहेर ती एकदा थांबली. मी पोटातून हाक मारली आणि पोरगी आली! तालुक्याच्या चौकातून जाताना तुमच्या परीक्षेच्या खिडक्या उघड्या होत्या. बघावंसं किती वाटलं, पण तू बजावलं होतंस म्हणून मान सरळ ठेवली. वर पोचल्यावर बास्त्याँने मला आलिगोची, चीज घोटलेल्या बटाट्यांची, अख्खी परात वाढली आणि म्हणाला, की तुमच्या घरात दोघी होत्या हे इतकी वर्षं सांगितलं का नाही.

पेपर कसा गेला? एक ओळ तरी लिही. जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
ओदेत

*

लेस्त्राद, ११ जून १९७८

चि. ओदेतला ताईचे आशीर्वाद. आज आहेत.

पास! तालुक्याच्या कचेरीच्या दारावर यादी लावली होती, तीत माझं नाव चौथं. श्रुतलेखनात दोन चुका, गणितात एकही नाही. व्हिगिए बाईंनी भर चौकात माझे दोन्ही गाल चुंबून लाल केले. पाववालीने सगळ्या रांगेला सांगितलं. ज्युललाही सांग, आता खुशाल शहरभर कर म्हणावं.

एक गोष्ट मात्र मी इथे कुणाला सांगितलेली नाही. श्रुतलेखन संपून व्याकरण सुरू झालं होतं, साडेदहाच्या सुमाराला. बाहेरून घंटा आल्या. वर्गातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. मी मार्कीजची घंटा ओळखली. संथ, एका लयीत, कुठेही न अडखळता येत होती. मी उठले नाही. लेखणी खाली ठेवली आणि भर वर्गात, सगळ्यांदेखत, ढसाढसा रडले. पर्यवेक्षक धावत आले, बरं वाटत नाही का, पाणी आणू का म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, पाणी नको. बाहेर माझी बहीण चाललीय.

पाय बरे झाले की ये, गोठ्यात सरळ आत ये.

तुझी ताई,
ओर्तांस