मागचा हू-हू

मारेगाव, डिसेंबर १९६५. सोमवार, दिवेलागण.

आज आमी विहारात पयल्यांदाच कुसुमशिवाय गायलो. लग्न होऊन ती उमरखेडले गेली. शांता पुढं गाते. मी न कुसुम मागून हू-हू करायचो. ही ढब वणीले मामाच्या रेडिओवर ऐकली होती. इंग्रजी पोरी होत्या, एक गाणारी न दोघी मागं. शब्द एकही समजला नाई, पण ते हू-हू डोक्यात बसलं, न आमी ते बुद्धाच्या गाण्यात घातलं.

आज एकटीचा हू कसा लागन? आवाज कापलाच. तेवढ्यात मागं बसलेल्या सखूमावशीनं हू धरला, मग साऱ्या बायांनी. कापूस वेचताना एकीनं ओळ म्हटली का बाकीच्या उचलतातच, तसंच! मले आधी रागच आला. आमची एवढी खास ढब, न हिनं वावरातली करून टाकली! पण गाणं काय भरलं!

नंतर मावशी म्हणे, "पोरी, भिंतीले चिकटून काहून उभी होती? बाजूले एवढी जागा होती."

ती जागा कुसुमची होती.