टोकावरून खाली

आई, यंदा मी टोकावरून खाली उतरले. तू असतीस तर आधी माझा दंड धरला असतास आणि मग विचारलं असतंस, कुणाच्या बोलावण्यावरून गेलीस? कुणाच्याच नाही. तुला जाऊन वीस वर्षं होत आली, आता मला रागवायला कुणी उरलेलं नाही, म्हणून गेले.

भाऊबीज झाली की येणाऱ्या रविवारी आपण दोघी बिरवाडीहून निघायचो. बाबा कंपनीत पाळीला गेलेले असायचे. त्यांना तू "पोरीला जरा फिरवून आनते" एवढंच सांगून ठेवायचीस. पोलादपूरला एसटी बदलायची आणि घाटातल्या एका वळणावर उतरायचं. "इथं? इथं काय हाय?" असं कंडक्टरने विचारलं तरी तू माझा हात धरून उतरायचीस. तिथून पुढे कारवीतली पायवाट. चढ फार नाही, पण करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, आणि असल्या वाटेला तू दिवाळीची नवी साडी नेसून यायचीस! पदर काट्यात अडकला की थांबून एकेक दोरा सोडवायचीस. माझ्या अभ्यासाच्या वेळी यातला अर्धा धीर दाखवला असतास तर माझं गणित सुधारलं असतं. मग झाडी एकदम संपायची आणि काळ्या कातळाचं टोक यायचं. समोर डोंगरामागे डोंगर, आणि बरोबर पायांखाली तुझं माहेर. मूठभर कौलारू घरं, कापणी झालेली खाचरं, दारादारांत पेंढ्याच्या उडव्या. माणसंसुद्धा दिसायची, चेहरे नाही, पण कोण वाकलंय, कोण बसलंय एवढं कळायचं.

हे लिहिता लिहिता आपण तिथेच बसलोय असं वाटतं. तू फडक्यातून भाकरी आणि सुकटीची चटणी काढतेस. मला अर्धी देतेस, स्वतः खायला विसरतेस. मी म्हणते, "जाऊया ना खाली, वाट तर आहे." तू म्हणतेस, "मुराळी आल्याबिगर जायचं नाय." भाऊ न्यायला आल्याशिवाय सासुरवाशिणीने माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही, हे तुझ्या आईने तुला शिकवलेलं. आणि आपल्याकडे मुराळी येणं माझ्या बारशालाच थांबलं होतं. मामाला पहिल्या पंगतीत बसवायचं बाबांच्या घरचे विसरले, दुसऱ्या पंगतीत त्याचं पान मांडलं, आणि तो वाढलेल्या पानावरून उठून चालता झाला. बारसं माझं, भांडण माझ्या बारशातलं, आणि मी पाळण्यात झोपलेली.

एकदा मी कातळावर उभी राहून दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जीव खाऊन ओरडले, "मामा!" खाली अंगणातल्या एका माणसाने मान वर केली. तू मला मागे ओढलंस आणि पाठीत धपाटा घातलास. "गप गो! आपन काय भीक मागाया आलोय?" परतीच्या वाटेवर मात्र तू माझा हात घट्ट धरलास आणि एसटी येईपर्यंत सोडला नाहीस. पुढे मी मोठी झाले, अभ्यास, मैत्रिणी, आणि यायची थांबले. तू एकटी जात राहिलीस.

यंदा टोकावर पोचले तेव्हा वाट बुजत आली होती. कारवीला धरत धरत उतरले, आणि एका घराच्या मागच्या अंगालाच निघाले. अंगणात भात वाळत घातलेलं होतं आणि एक म्हातारी काठी घेऊन कोंबड्या हाकत बसली होती. "टोकावरनं उतरलीस?" तिने विचारलं. "तिथनं आता कोन येत नाय गो." मी तुझं नाव सांगितलं. तिने काठी खाली ठेवली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. ती मामी होती. तू गेल्याचं खाली गावात फार उशिरा कळलं होतं. मामा गेल्या शिमग्याला गेला, हे तिने मला तिथेच, अंगणात उभ्या उभ्या सांगितलं.

"तुमी वर बसलेल्या आमाला दिसायच्या ना," मामी म्हणाली. "नवं लुगडं असायचं तुज्या आयेचं. तुजा मामा सकाळपासून हितंच. ती दिसली की मला सांगायचा, भात जरा जास्त टाक, बाय उतरंल आता."

"मग आणायला का नाही आला तो?"

"मी पन तेच म्हनायची. तर म्हनायचा, भरल्या पानावरनं मी उठलो, आता कंच्या तोंडानं जाऊ? ती आली तर तिचे पाय धरीन."

आई, मला तुझा इतका राग आला, आणि त्याचाही. वर तू त्याची वाट बघत होतीस, खाली तो तुझी. मधली उतरण अर्ध्या तासाची. मी लहान असूनही उतरले असते, तुम्ही दोघं मोठी म्हणून अडलात. आपण कातळावर गार भाकरी चावत होतो आणि खाली आपल्या वाटणीचा भात दरवर्षी निवत होता. याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते ऐकायला आता तुम्ही दोघंही नाहीत.

मामीने मला जेवायला बसवलं. वाढता वाढता तिने विचारलं, "ती रागावलेली का गो? तुजा मामा मरेपर्यंत हेच इचारायचा."

मी म्हटलं, "नाही मामी. तिचे गुडघे दुखायचे. उतरण जमायची नाही तिला."

तुझे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. पण मामीला ते पटलं. "हा, उतार लय वाईट हाय तो," असं म्हणत तिने मला आणखी भात वाढला. मी तो सगळा खाल्ला.

हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. मामीला मी खोटं सांगितलं. खरं काय ते मलाही माहीत नाही, कारण रागावली होतीस का, हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं.